बुंदीची वाटी

आमच्या साहेबांइतका भित्रा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही, आणि त्यांच्याइतका दिलदारही नाही. ही दोन माणसं एकाच सफारीत कशी मावत, देव जाणे.

साहेब मूळचे मेहकरकडचे. पुण्यातल्या एका कंपनीच्या ट्रेझरीत, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या खात्यात चिकटले आणि चढत चढत कंपनीच्या सगळ्या आर्थिक कारभाराचे मुख्य झाले. ट्रेझरीवाल्याचा धर्म एकच, ऐनवेळी हात रिकामा राहता कामा नये. साहेबांनी हा धर्म घरीदारी पाळला. छत्र्या दोन, एक पावसासाठी आणि एक पहिली हरवली तर. चष्मा नाकावर, दुसरा खिशात, तिसरा शेजाऱ्यांकडे. कंपनीची गाडी दारात असून गावी जायचे एसटीनंच. चिखलीवरून कोणती गाडी, जालन्यावरून कोणती, आणि दोन्ही चुकल्या तर मुक्काम कोणाकडे, हे ठरल्याशिवाय रिक्षात पाय ठेवत नसत. गॅस संपला, भरलेला सिलिंडरही संपला तर काय, म्हणून पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्यांनी मातीची चूल मांडली होती. सोसायटीनं नोटीस काढली. साहेबांनी ती चुलीपाशी जपून ठेवली, पेटवायला कामी येईल म्हणून.

बोलणं मात्र अस्सल वऱ्हाडी. एकदा परदेशात शिकून आलेला एक सल्लागार डॉलरच्या चढउतारावर तासभर बोलला. तो बसल्यावर साहेब म्हणाले, "म्हंजे पाऊस येईन असं वाटलं तं छत्री घिऊन निघा, हेच ना बाप्पा?" बिचारा सल्लागार हो म्हणाला. बैठकीत कोणी "आमचं भागतंय" म्हटलं की साहेब त्याला हमखास पुन्हा विचारायचे. मागणाऱ्याकडे त्यांचं तेवढं लक्ष नसे. मला त्यांची ही खोड कधीच कळली नाही.

मला ट्रेझरीत घेतलं ते त्यांनीच. मुलाखतीत मी लोणारचा असल्याचं कळल्यावर म्हणाले, "मंग इंग्रजी काऊन झाडून राह्यला बे? बोल ना मोकळा!" त्या दिवशी मी मोकळा झालो तो आजतागायत. ते रागावले, तेव्हाही दार लावून रागावले आणि वर चहा पाजला. असा वरिष्ठ मिळायला नशीब लागतं.

त्यांच्या निवृत्तीचा दिवस जवळ आला तसा मी अस्वस्थ झालो. त्यांची खुर्ची मला हवी होती. लाजायचं कशाला, जाम हवी होती! बाहेरचे दोन बडे उमेदवार रांगेत होते आणि साहेब ज्याचं नाव सुचवतील त्याचं पारडं जड होणार होतं. धीर करून एकदा विषय काढला. साहेब म्हणाले, "मेहकरले भाचीचं लग्न हाय माह्या. ये." बस्स.

गेलो. पाहुणा म्हणून दोन घास खाऊन निघू असा बेत होता. साहेबांनी मांडवात पाऊल टाकताक्षणी माझ्या हातात बुंदीची परात दिली. वऱ्हाड देऊळगाव राजाचं, मोठं तालेवार, आणि पंगत पार रस्त्यापर्यंत गेलेली. माझ्यातला ट्रेझरीवाला जागा झाला. बुंदी मध्येच संपली तर साहेबांचं नाक कापलं जाईल! मी आचाऱ्याकडून एक वाटी मागून घेतली आणि प्रत्येक पत्रावळीवर सपाट वाटी मोजून टाकत निघालो. स्वतःवर भलताच खूश होतो.

नवरदेवाच्या काकांनी पत्रावळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अबे, बुंदी वाढून राह्यला का प्रसाद वाटून राह्यला?" म्हणाले आणि हात झटकून बसले. त्यांच्या शेजारचेही बसले. बघता बघता अख्खी रांग रुसली. मुलीच्या बापाला घाम फुटला. साहेब धावत आले, माझ्या हातातली परात काढून घेतली आणि काकांसमोर चक्क उकिडवे बसून ओंजळीनं वाढू लागले. "घ्या पाहुणे, घ्या! पोरगं नवीन हाय, घरचंच हाय." काका पुरे पुरे म्हणेपर्यंत वाढलं, पुरे म्हणाल्यावर आणखी वाढलं. काका हसले तेव्हा कुठे पंगत पुढे सरकली.

पंगती उठल्यावर साहेब मला आचाऱ्याकडे घेऊन गेले. बुंदीचं एक अख्खं पातेलं तसंच उरलं होतं.

"पाह्य, हे वाचवलं तू," साहेब म्हणाले. "बुंदी उरली म्हून लग्न चांगलं झालं, असं कोनी म्हनते का बे? संपू देऊ नोको, हे म्याच तुले शिकवलं. पन मानूस पोटभर जेवून उठला पायजे, हे बी पाह्यनं आता तुह्यं काम हाय. अन् पुरे म्हन्ते त्याचं पान आधी पाह्य."

मान खाली घालून परतलो. खुर्ची गेली असंच धरून चाललो.

पुढे संचालकांसमोर मुलाखत झाली. एकानं विचारलं, हाताशी एवढी रोकड आहे, तिचं काय कराल? एरवी मी 'जपून ठेवीन' म्हणालो असतो. पण डोळ्यांपुढे ते काका आले. मी म्हटलं, "आपल्या जुन्या कारखान्याचे प्रमुख कधीच काही मागत नाहीत, भागतंय म्हणतात, आणि दर उन्हाळ्यात त्यांची भट्टी बंद पडते. आधी त्यांना पुन्हा विचारीन."

खुर्ची मिळाली. पेढे घेऊन साहेबांकडे गेलो तर म्हणाले, "तुह्यं नाव तं म्या लग्नाआधीच देल्लं होतं."

"मग मला पंगतीत कशाला उभं केलंत?"

"नाव देल्लं, म्हून तं उभं केलं."

साहेब आता मेहकरला असतात. गेल्या वर्षी आमच्या लोणारच्या घराची वास्तुशांत झाली, तेव्हा एसटीनं आले, दोन्ही छत्र्यांसकट. अंगानं वाळले होते. जन्मभर शेवटच्या पंगतीत बसणाऱ्या या माणसाला मी हट्टानं पहिल्या पंगतीत बसवलं आणि बुंदीची परात घेऊन समोर उकिडवा बसलो. त्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. "पुरे बे. साखर हाय मले."

मी तो हात हळूच बाजूला केला आणि थोडीशीच, पण ओंजळीनं वाढली.

साहेबांनी पत्रावळीकडे पाहिलं. मग डोळे मिचकावून म्हणाले, "वाटी कुठी हाय बे तुही?"

"हरवली साहेब," मी म्हटलं, "मेहकरले."