कपाटातलं ताट

नातीच्या रुखवतात लाकडाची ताटं मांडायची, हे मीच ठरवलं. सून म्हणाली, "आबा, हल्ली रुखवत तयार मिळतं. भाड्यानंसुद्धा मिळतं." मी म्हणालो, मिळत असेल. जिचा आजा जन्मभर सातपूरच्या कारखान्यात टर्नर होता, तिच्या रुखवतात भाड्याच्या वस्तू मांडायच्या असतील तर मला लग्नाला बोलावू नका. सून गप्प बसली. ती गप्प बसली की मला बरं वाटत नाही. मनात काहीतरी शिजत असतं. पण ते राहू द्या.

रिटायर झाल्यावर मी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ बसवला होता. ते मशीन लोखंड कातायचं, मी ते लाकडाला लावलं. ताटं मी कातायची आणि रंग माझ्या दोस्तानं चढवायचा, असं ठरलं. दोस्त म्हणजे माझ्याच कारखान्यातला, शेजारच्या मशीनवरचा. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाखेच्या बांगड्यांचं काम. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवायची, घासून घासून ती वितळते आणि लाकडावर चढते. मग वरून केवड्याचं पान दाबून धरलं की तोंड दिसेल अशी चकाकी येते. ऐकायला सोपं. मी करून बघितलं तर फोड आल्यासारखी लाख उठली. तो नसेल तर ताटं कोरीच राहणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून शेडची एक किल्ली माझ्याकडे, एक त्याच्याकडे.

लाकूड विंचूरचं. मेव्हण्याच्या बांधावर शिसवीचं झाड वाऱ्यानं पडलं, ते कापून आणलं. दोस्तानं ओंडक्याला नाक लावलं.

"ओलं आहे रे. वर्षभर सावलीत पडू दे."

वर्षभर? लग्न दिवाळीनंतर. आणि वर्षभर पडू दे म्हणणारा माणूस वर्षभरात निम्मं उचलून नेतो, हे मी जगात बघितलंय.

"पोलाद कातलंय मी," मी म्हणालो. "लाकडानं मला शिकवू नये."

"लाकूड कुठं शिकवतंय? मी शिकवतोय."

"तू पण नको."

पाच ताटं कातली, चांगली जाड. गोलाई मोजायची डायल लावून तपासली, काटा जागचा हलला नाही. लोखंडाचं असं असतं, एकदा गोल केलं की नातवाच्या हातात जाईपर्यंत गोल. प्रत्येक ताटाच्या बुडाला तीन बारीक रेघा ओढल्या, माझी खूण. विश्वास नव्हता असं नाही. खूण असलेली बरी.

मग मी लग्नाच्या बोलण्यांसाठी गावाला गेलो. आठवड्यानं आलो, पहिलं ताट लेथला लावलं तर ते लटपटायला लागलं. दोस्तानं कांडी टेकवली, लाख एकाच अंगाला लागली. दुसरं ताट तसंच. तिसरं तसंच. फरशीवर ठेवलं की खडखड वाजे. मी बुडाच्या रेघा बघितल्या. तीनच्या तीन होत्या. म्हणजे ज्यानं ताटं बदलली, त्यानं माझी खूणही हुबेहूब उतरवली होती.

"शेडमध्ये कोण आलं होतं?"

"मीच. झाडून गेलो."

"नुसतं झाडलंस?"

त्यानं लाखेची कांडी खाली ठेवली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, जुन्या सगळ्या मंडळींसमोर मी म्हणालो, "काही लोकांना नुसतं झाडायला किल्ली लागते." सगळे हसले. त्यानं अर्धा चहा ठेवला, किल्ल्यांच्या कडीतून शेडची किल्ली काढली आणि माझ्या बशीत टाकली.

"माझ्या घरी ताटं सापडली तर पोलिसात दे. नाही सापडली तर आरशात बघ."

गेला. मी म्हणालो, जाऊ दे. चोराच्या मनात चांदणं.

घरी बायको चिडली. "अहो, जन्मभर त्याच्या डब्यातलं खाल्लंत!"

"डब्यातलं खाल्लं म्हणून ताटं देऊन टाकू?"

मी सापळा लावला. त्याच ओंडक्यातून सहावं ताट कातलं, डायलला खरं उतरलं. ते घरातल्या लोखंडी कपाटात बायकोच्या शालूखाली ठेवलं आणि किल्ली करदोट्याला बांधली. आंघोळीलाही सोडली नाही. बायकोला साडी हवी असली तरी मी उठून उघडायचो आणि उभा राहायचो.

दोन आठवड्यांनी ताट बाहेर काढलं. फरशीवर ठेवलं. खडखड. डायल लावायची गरज नव्हती, तरी लावली. काटा पार फिरला. मी बायकोकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता? किल्ली तुमच्या कमरेला."

मी कपाट भिंतीपासून ओढून पाठीमागचा पत्रा तपासला. शाबूत होता.

लग्न तोंडावर आलं होतं. सून काही बोलत नव्हती, पण भाड्यानं देणाऱ्याला दोनदा फोन झाला, तो मी ऐकला. ताट पिशवीत घातलं आणि दोस्ताच्या घरी गेलो. तो मेथी निवडत बसला होता. मी ताट त्याच्यापुढं ठेवलं. त्यानं बोटानं एक कड दाबली. खड्. दुसरी दाबली. खड्.

"हे कुठं होतं?"

"कपाटात."

"किल्ली?"

मी सदरा वर केला. तो इतका हसला की आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "क्या हुआ?"

"कुछ नहीं. चोर पकडा गया. कपाटात बसला होता."

"ओलं असल्याचं नीट सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं होतं."

"नीट सांगायचं."

त्यानं मेथी बाजूला सारली. "आधीची पाच आता सुकली असतील. आकसायची तेवढी आकसली. परत कात. पातळ होतील, पण गोल राहतील. जाड ठेवली होतीस, तेवढं एक बरं केलंस."

कातली. त्यानं लाल, पिवळी, काळी वलयं चढवली, केवड्यानं घासली. रुखवतात ताटं मांडली तेव्हा व्याह्यांनी एक उचलून उलटं करून बघितलं. बघणारच. मीही बघितलं असतं. खाली ठेवलं, वाजलं नाही.

दोस्त अजून शेडमध्ये येतो, पण किल्ली घेत नाही. मी दोनदा पुढं केली, दोनदा त्यानं बोटानं परत ढकलली. संध्याकाळी निघताना माझ्यासमोर उभा राहतो, खिसे उलटे करतो, पिशवीतला डबा काढून झाकण उघडून धरतो.

"बघून घे."

"काय बघायचंय त्यात? जा घरी."

"बघ म्हणतो."

मी दरवेळी नको म्हणतो. पण उघडलेलंच असतं, म्हणून एकदा आत बघतो.