बारदान वजा जाता

माझ्या भाच्याइतका निःपक्षपाती माणूस कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांत दुसरा झाला नाही, आणि झाला असता तर त्या दोघांनी मिळून अजून चहासुद्धा मागवला नसता. चहा की कॉफी या प्रश्नावर तो दोन्ही बाजूंनी इतकं मुद्देसूद बोलतो, की विचारणारा शेवटी पाणी पिऊन निघून जातो. दहिवलीत त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. लोकांचे रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, पीकविम्याचे फॉर्म तो बोलता बोलता भरतो. स्वतःचा फॉर्म भरताना मात्र 'विवाहित की अविवाहित' या रकान्यापाशीसुद्धा अडतो. मी एकदा म्हटलं, "अरे, तुझं लग्न झालेलं नाही, अविवाहित लिही." तर म्हणाला, "मामा, आजच्या तारखेला का एकंदरीत, ते पन बघावं लागतं."

माझी भातगिरणी त्याच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, लोधिवलीला असते. हा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला तो राहिलाच. आम्हाला मूलबाळ नाही, असं लोक म्हणतात. माझी बायको म्हणते, तीन पोरांचं एकदम आलं.

हे ती त्याच्या जेवणावरून म्हणायची. पंचविशीतल्या या मुलाचं वजन तेव्हा एकशे अठ्ठेचाळीस किलो होतं, आणि त्याची सगळी जबाबदारी तो पोटावर टाकायचा. पोटाला तो 'मालक' म्हणतो. पंगतीत कुणी आग्रह केला की खाली बघून म्हणणार, "मालकांना विचारून सांगतो," आणि मालकांनी आजवर कुणाचा शब्द मोडलेला नव्हता. हळदी-लग्नाला जायचं तर हा आधी मांडववाल्याला फोन करून एकात एक घातलेल्या दोन खुर्च्या सांगून ठेवायचा. भिवपुरीच्या एका हळदीत तो उठला, तर खुर्च्याही त्याच्याबरोबर उठल्या. तो तसाच शांतपणे मांडवात चालत गेला, नवऱ्याला हळद लावली, आणि परत येऊन बसला. एखाद्या पुढाऱ्याला खुर्ची इतकी चिकटली असती तर कुणी हसलंही नसतं, असं त्याचं म्हणणं.

आणि जेवायचा कसा! वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, पावसाळ्यात शेतातल्या चिंबोऱ्यांचा रस्सा. घास घ्यायच्या आधी ताटाकडे असा बघायचा, जणू कुणी बऱ्याच दिवसांनी भेटलंय. मी कमी बोलणारा माणूस. दिवसभर गिरणीचा पट्टा फिरतो, त्या आवाजात बोलायची सवयच राहत नाही. पण हा समोर जेवायला बसला की मला कंठ फुटायचा. वडिलांच्या गोष्टी, भात सडायचं पहिलं यंत्र, हॉलर, बसवलं तेव्हाची फजिती, कधी कुणाला न सांगितलेलं काही मी त्याच्या पाचव्या आणि आठव्या भाकरीच्या मधे सांगून टाकायचो. हे इथे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे.

मग त्याला साखर निघाली. गुडघे कुरकुरायला लागले. दुकानात फॉर्म भरता भरता झोप लागायची. एकदा बोट बटणावर तसंच राहिलं, आणि नेरळच्या एका सरळ माणसाच्या आडनावात चाळीस 'क' जाऊन बसले. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासून पोट लहान करण्याच्या ऑपरेशनचं सुचवलं. मी बरोबर होतो. डॉक्टर चित्र काढून समजावत होते की पोटाचा बराचसा भाग काढून टाकतात, उरतो तो केळ्याएवढा. भाच्याने सगळं नीट ऐकून विचारलं, "काढलेला भाग परत मिळतो का?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तो तपासणीला जातो, म्हणाले. भाचा म्हणाला, "म्हंजे शेवटचं काय करायचं ते आमच्या हातात नाय. नाय, एवढी वर्षं त्यानी सेवा केली, म्हणून विचारलं." डॉक्टर सज्जन होते. घाई नाही, म्हणाले. तीन महिने आहार सांभाळून बघ, दर रविवारी वजन लिहून ठेव, मग बसून ठरवू. मात्र झोपेत याचा श्वास थांबतो, तेवढं हलक्यात घेऊ नका, हे माझ्याकडे बघून सांगितलं.

आता ठरवायचं म्हणजे दोन्ही बाजू आल्याच. गिरणीत भाच्याने भाताच्या गोण्यांच्या दोन थप्प्या निवडल्या. दाराजवळच्या थप्पीवर बसला की तो ऑपरेशनच्या बाजूने बोलणार. तिथून उठून कोंड्याच्या ढिगाजवळच्या थप्पीवर बसला की विरोधात. दाराजवळचा म्हणायचा, पस्तिशीत गुडघे गेल्यावर काय करणार? कोंड्याजवळचा म्हणायचा, जन्मभर वाटीतून जेवणार, आणि लोकांना काय सांगणार, तोंड बंद ठेवता आलं नाय म्हणून पोट कापलं? दाराजवळचा म्हणायचा, चष्मा लावणाऱ्याला कुणी विचारतं का, डोळे फाडून बघता आलं नाही का म्हणून? एकदा कोंड्याजवळच्याने फारच टाकून बोलल्यावर दाराजवळचा रागावला आणि दोन दिवस त्या थप्पीवर कुणी बसलंच नाही. भरडायला आलेल्या बायका भात विसरून ऐकत बसायच्या. मला मात्र तो दोन्ही बाजूंनी विचारायचा, "मामा, तुला काय वाटतं?" आणि मी पट्ट्याला तेल द्यायला उठायचो.

राहिला वजनाचा प्रश्न. घरात आणलेल्या छोट्या काट्याने आकडा न दाखवता दोन आडव्या रेघा दाखवल्या. तेव्हा रविवारी सकाळी गिरणीतल्या गोण्यांच्या काट्यावर वजन करायचं ठरलं. काट्यावर चढला की तो देवळात मिटतात तसे डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "सांग." आकडे माझ्या बाजूला दिसायचे. मी सांगायचो, तो मोबाइलमध्ये लिहायचा.

पहिल्या रविवारी एकशे अठ्ठेचाळीस भरले, मी सत्तेचाळीस सांगितले. यात लबाडी नव्हती. गोणीचं वजन करताना आम्ही रिकाम्या पोत्याचं वजा करतो, त्याला बारदान कापणं म्हणतात; तसं मी कपड्यांचं किलोभर बारदान कापलं आणि त्याला तसं सांगितलंही. दुसऱ्या रविवारी आकडा जिथल्या तिथे होता. पोरगं आठवडाभर दुधीचं पाणी पीत होतं. मिटलेल्या डोळ्यांवरच्या भुवया वर करून वाट बघत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पंचेचाळीस." पावसाळ्यात भात ओलं येतं, तेव्हा ओलीचं वेगळं कापतो, त्याचा शर्टही ओला होता. तिसऱ्या रविवारी चपलांचं कापलं, चपला दाराबाहेर होत्या. मग मोबाइलचं, चष्म्याचं, कमरेच्या पट्ट्याचं. एका रविवारी फार चिंतेत दिसला, तर चिंतेचं दीड किलो कापलं. त्याला हुरूप यावा म्हणून करतोय, असं मी स्वतःला सांगत होतो. पुढे सांगायला लागलो की आपल्याला पोराच्या ऑपरेशनची भीती वाटते. दोन्ही कारणं चांगली होती. खरं यांपैकी एकही नव्हतं.

वजन उतरतंय म्हटल्यावर घरात आनंद झाला, आणि आमच्याकडे आनंद झाला की स्वयंपाक होतो. बायको म्हणाली, एवढं उतरलंय तर पोराने एक दिवस नीट जेवायला काय हरकत आहे? तो एक दिवस दर रविवारी यायला लागला, गणपतीत तर पाच दिवस मुक्कामाला राहिला. मालकांनी मोदकांना नाही म्हटलं नाही. पँट मात्र सैल होत नव्हती. भाच्याने यावर दोन्ही थप्प्यांवर बसून विचार केला आणि निष्कर्ष काढला, की आपल्याकडच्या पावसात कापड आटतं, त्यामुळे पँट आणि वजन एकाच वेगाने कमी होताहेत. दाराजवळची थप्पी ओस पडली. बाराव्या रविवारी मी सांगितलेला आकडा एकशे बत्तीस होता. "मामा, मालक ऐकायला लागले," तो म्हणाला. "आता ऑपरेशन कशाला? उद्या फोन करून डॉक्टरांना नको सांगतो. त्यांचा वेळ कशाला घ्यायचा."

त्याच दुपारी, जेवून आल्यावर, तो कोंड्याजवळच्या थप्पीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. गिरणी चालू होती. मग वीज गेली, पट्टा थांबला, आणि गिरणीत फक्त त्याचं घोरणं उरलं. मी गोण्या मोजत होतो. मग घोरणंही थांबलं. मला वाटलं कूस बदलली असेल. बघितलं तर तोंड उघडं, छाती जागच्या जागी. माझ्या डोक्यात मोजणं चालूच होतं, आमच्या पद्धतीचं, एकाच्या जागी लाभ म्हणून: लाभ, दोन, तीन. दहा झाले. पंधरा झाले. माझे पाय हलेनात आणि मोजणं थांबेना. बाविसाव्याला तो बुडत्या माणसासारखा खेचून श्वास घेऊन हलला, ओठ पुसले, आणि पुन्हा घोरायला लागला.

मी त्याला उठवलं. काट्यावर उभा राहा म्हटलं. तो उभा राहिला, डोळे मिटले, "सांग" म्हणाला. मी काट्याचा आकड्यांचा डबा त्याच्याकडे फिरवला.

"डोळे उघड. तूच वाच."

त्याने वाचलं. "एकशे एक्कावन." मग पुन्हा वाचलं. "मामा, काटा बिघडला तुझा."

"काटा बरोबर हाय. मी बारदान कापत होतो."

"एकोनीस किलो?"

मी मान हलवली. त्याने आपल्या शर्टाकडे पाहिलं, हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "एकोनीस किलोचं बारदान," तो म्हणाला. "मंग मामा, त्याच्यात मी किती?"

तो उतरला, चपला हातात घेतल्या आणि तसाच लोधिवलीला निघून गेला. आठ दिवस दुकान बंद होतं. तिसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. मी ऐकून घ्यायची तयारी केली होती. ती म्हणाली, "दादा, तुझा काटा बिघडलाय म्हनं. पोराचं वजन उलटं सांगितलंन त्यानी. दुरुस्त करून घे, लोक भात आणतात तुझ्याकडं." म्हणजे पोराने घरी जाऊन एवढंच सांगितलं होतं. माझी बायकोही आजपर्यंत तेच समजते आणि त्या काट्याकडे बघून नाक मुरडते. मी तिला कधी काही बोललो नाही. आज लिहितो: काटा निर्दोष होता.

नवव्या दिवशी तो आला. कुठल्याच थप्पीवर बसला नाही, मधे उभा राहिला.

"मामा, दोन्ही बाजू माझ्याच आहेत. तुझी एकदा पन ऐकली नाय. करू का नको? बारदान न कापता सांग."

तेल द्यायला उठायची सोय नव्हती, पट्टा बंद होता. मी म्हणालो, "नको करू. भीती वगैरे काय नाय. तू जेवायला बसतोस तवा मी बोलतो. मामीला विचार, एरवी घरात माझा आवाज नसतो. तू वाटीभर पेज पिऊन पाच मिनिटांत उठलास, तर मी कुनाशी बोलू? म्हणून खोटं सांगत आलो."

मला वाटलं आता दुसरी बाजू सुरू होणार.

"विरोधात एवढंच हाय?"

"एवढंच."

"मंग करतो," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा एका बैठकीत, तीही उभ्या उभ्या.

ऑपरेशनच्या आठवडाभर आधी सर्वपित्री होती. त्याने पितरांच्या पानाशेजारी एक जास्तीचं पान ठेवलं, मालकांच्या जाणाऱ्या भागासाठी. बिरडं, भाकरी, वडे, खीर, सगळं आवडीचं. त्याचा हिशेब असा, की इतकी वासना मागे ठेवून जाणाऱ्यासाठी कावळा दुपारपर्यंत तरी शिवायचा नाही; तोवर दोन शब्द बोलता येतील. पान ठेवून तो वळतो न वळतो, तोच कावळ्याने वडा उचलला. भाचा दुखावला. "जरा तरी घुटमळायचं," म्हणाला. "लोकांना वाटेल, इच्छाच राहिली नव्हती."

त्याला वर्ष होत आलं. ऑपरेशन नीट झालं. गोळ्या चालू आहेत, केस मधे थोडे गळले, कधी एक घास जास्त झाला तर भिंतीला धरून उभा राहतो, आणि अजून कधीकधी ताटाकडे जुन्या ओळखीच्या माणसासारखा बघतो. साखर उतरली आहे. दुपारी झोपला की मी अजून मोजतो; लाभच्या पुढे जावं लागत नाही. रविवारी काट्यावर उघड्या डोळ्यांनी उभा राहून स्वतः आकडा वाचतो, परवा शंभराच्या आत आला. कोंड्याजवळची थप्पी मी भरडून टाकली. बायको अजून मोठंच पातेलं चढवते आणि मग त्याच्याकडे बघत बसते.

जेवायला तो माझ्यासमोरच बसतो. एक वाटी, एक छोटा चमचा. डॉक्टरांनी एकेक घास सावकाश चावायला सांगितलाय. पाच मिनिटांत उठेल असं मला वाटलं होतं. आता माझंच ताट आधी संपतं. हात धुवायला उठायला लागलो की तो वाटीत बघून म्हणतो, "बस रं मामा. माझे अजून चार चमचे हायत."

मी आणखी अर्धी भाकरी घेतो आणि बोलायला लागतो.