तोंड भरलेलं असताना

अंगणवाडीत दातांची तपासणी होती त्या दिवशी एकही बाई खुर्चीत बसायला तयार होईना. तालुक्याहून आलेली डॉक्टरीण पोरगेलीशी, घामाघूम झालेली, हातात बॅटरी घेऊन उभी. आणि आमच्या बाया भिंतीला पाठ लावून पदरात तोंड लपवून हसतायत. शेवटी सेविका म्हणून मीच पुढं झाले. म्हटलं, "खाणार आहे का काय ती तुम्हाला? बघा, मी बसते आधी." बसले, तोंड उघडलं. तिनं माझा खालचा ओठ ओढला, आत बॅटरी मारली आणि जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"मिसरी लावता का ताई?"

सगळ्या बाया माना उंचावून बघायला लागल्या. त्या ज्या भिंतीला टेकल्या होत्या, त्याच भिंतीवर तंबाखू किती वाईट हे सांगणारा तक्ता मी माझ्या हातानं चिकटवलेला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! ओठ तिच्या हातात, बोलणार काय कपाळ? नुसती मान हलवली.

ओठाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा. दुखत नव्हता, खुपत नव्हता, म्हणून मला पत्ताच नव्हता. डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली, "घाबरू नका. पण आजच्या आज बंद करा. तीन महिन्यांनी तालुक्याला येऊन दाखवा. कमी झाला तर चांगलंच. नाही झाला, तर त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल." त्यानंतर ती पुष्कळ काही सांगत होती, पण माझ्या डोक्यात तुकडा हा एकच शब्द बसला.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून चुरलेली तंबाखू. बोटानं हिरड्यांना घासायची. मी काही माहेरून शिकून आले नव्हते. पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चिमूटभर माझ्या बोटावर ठेवली. "लाव जरा, दाढ गप व्हईल." दाढ गप झाली ती झालीच. मिसरी मात्र वीस वर्षं राहिली.

आत्याबाईंचं आणि माझं दुसऱ्या कशात पटलं असेल तर शपथ. मीठ किती, शेळ्या कुणी सोडायच्या, अंगणवाडीतून यायला उशीर का, सगळ्यावर वाजायचं. फक्त सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर दोघी बसायचो तेवढीच वीस मिनिटं शांतता. एक डबी, दोन बोटं. तोंडात मिसरी असली की भांडता येत नाही, बोलायला गेलं की लाळ गळते. मग सगळा कारभार खुणांवर. "हं" म्हणजे चहा ठेव, "हंहं" म्हणजे शेळीकडं बघ, आणि हात उडवला म्हणजे जाऊ दे, मरू दे. त्या खुणा मला आमच्या मालकांच्या बोलण्यापेक्षा लवकर कळायच्या.

तपासणीच्या दिवशी संध्याकाळी मी माझ्या वाटची मिसरी उकिरड्यात टाकली. आत्याबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "लई शिकलीस!"

सोडणं म्हणजे काय असतं ते सोडल्यावर कळतं. सकाळी पोट साफ होईना. चहा गोड लागेना. दुपारपर्यंत डोकं असं धरायचं की पोरांची वजनं मोबाईलमध्ये भरताना आकडे पुसट दिसायचे. बसल्या जागी बोट आपोआप ओठाकडं जायचं. पोरांवर खेकसायचे, मग वाईट वाटून त्यांना जास्तीचा खाऊ द्यायचे. अंगातली ताकदच कुणीतरी काढून नेल्यासारखं झालं होतं. डॉक्टरीण म्हणाली होती, तलफ आली की पाच मिनिटं टाळा, पाणी प्या, बडीशेप चावा आणि घरातल्या कुणाची तरी साथ घ्या. घरातल्या कुणाची! आमचे मालक तळहातावर तंबाखू-चुना मळता मळता म्हणाले, "मनावर घेतलं की सुटतंय, त्यात काय एवढं?" म्हटलं, मग तुम्ही घ्या की मनावर. तर म्हणे, "माझं येगळं हाय."

नवव्या दिवशी भडका उडाला. मी दमून घरी आले तर परसात चूल पेटलेली आणि तव्यावर आत्याबाईंची तंबाखू भाजायला लागलेली. तो वास नाकात गेला आणि माझ्या जिभेखाली पाणी सुटलं. मला माझीच किळस आली. तशीच गेले, पदरानं धरून तवा चुलीवरून खाली ओढला. "वीस वर्षं माझं तोंड नासवलंत, आता तरी थांबा! तुमच्याच हातानं लागलीय ही मला. तोंडाचा तुकडा काढायची वेळ आली माझ्या!"

आत्याबाई कुणाचं ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. एकाला चार सुनावतील म्हणून मी कंबर कसून उभी राहिले.   त्या नुसत्या चूल विझवून आत जाऊन बसल्या. बाळंतपणात माझं सगळं त्यांनीच केलं होतं हे मला तेव्हाच आठवलं, पण शब्द निघून गेला होता. परत घ्यायला मीही गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पायरी रिकामी. डबी नाही, आत्याबाई नाहीत. बघते तर अंगणातून काठी घेऊन निघालेल्या. "म्हसोबाला जाऊन येते," एवढंच बोलल्या. म्हसोबा आमच्या वस्तीपासून लांब, दोन्हीकडच्या उसातून चालत जाऊन पाटाच्या भरावावर. आणि ह्यांचे गुडघे असे, की अंगणातल्या नळापर्यंत जायचं तरी दोनदा टेकायच्या. तास-दीड तासानं परत आल्या, तोंडात कडुलिंबाची काडी. मग ते रोजचंच झालं. परसात तवा काही पुन्हा चढला नाही. मी बहिणीला फोनवर सांगितलं, "म्हातारी रुसलीय. माझं तोंड बघायला नको म्हणून देवदेव चाललंय." शेळ्या, झाडलोट, भाकरी, सकाळचं सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. त्याचाही राग होताच. आणि खरं सांगू? बडीशेप चघळत त्या पायरीवर एकटी बसले की मिसरीपेक्षा शेजारच्या त्या "हं"ची जास्त तलफ यायची.

महिना होत आला तेव्हा एकदा मी हरलेच होते. घरात कुणी नव्हतं. आत्याबाईंची वळकटी उलगडली, ट्रंक उपसली, कोठीमागं हात घालून बघितला. बोटाला लागेल एवढी मिळाली असती तरी मी लावली असती, खोटं कशाला बोलू. पण डबी कुठंच नव्हती. त्यांच्या लुगड्यांच्या ढिगात बसून मी रडले. म्हटलं, म्हातारीनं सोडली! सत्तरी ओलांडलेली बाई, हिरडीला पन्नास वर्षांची मिसरी, तिनं मला खिजवायला म्हणून सोडून दाखवली आणि मी इथं चोरासारखी ट्रंक उपसतेय. लुगड्यांच्या घड्या घालून जागच्या जागी ठेवल्या. त्या दिवसापासून मी इरेला पेटले. तिची सुटते आणि माझी सुटत नाही म्हणजे काय!

तीन महिने भरल्यावर तालुक्याला गेले. एसटीत सगळा वेळ जीभ त्या चट्ट्यावरच. डॉक्टरीणबाईंनी ओठ ओढला, बॅटरी मारली, पुन्हा जास्तच वेळ बघितलं. 

"कमी झालाय ताई. मुगाच्या डाळीएवढा राहिलाय. सध्या तुकडा नको काढायला. महिन्यानं परत दाखवा, आणि लावायची नाही ती नाहीच." मग कागदावर लिहिता लिहिता तिनं विचारलं, "घरातून कुणी साथ दिली का?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "माझी मीच." जरा तोऱ्यातच म्हटलं.

घरी आल्यावर मालकांना सांगितलं. आत्याबाई आत पडून होत्या. ऐकलं असेल-नसेल, विचारलं मात्र नाही. सकाळी उठून बघते तर काठी घेऊन गेलेल्यासुद्धा. मला काय वाटलं कोण जाणे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुठवर धरून बसायचं? झाडू टाकला आणि त्यांच्या मागं पाटाकडं निघाले.

भरावावर चढले तर म्हसोबाकडं पाठ करून आत्याबाई दगडावर बसलेल्या. मांडीवर डबी उघडी. बोट तोंडात.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे सुटली नव्हतीच! ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते म्हसोबाच्या आड! मी तरातरा पुढं निघाले. पायांची चाहूल लागून त्यांनी वळून बघितलं, आणि दचकून डबी झाकली. मग एक हात जोरजोरात हलवायला लागल्या. "हं! हंहं!" येऊ नको. थांब तिथंच. आणि तोंडातलं काळं बोट काढून उसाकडं दाखवलं.

उसाचे शेंडे माझ्या बाजूला झुकले होते. वारं त्यांच्याकडून माझ्याकडं येत होतं.

मी जागच्या जागी थांबले. त्या खुणा कळायला मला कधी वेळ लागला नव्हता, आताही लागला नाही. खाली उतरून वळसा घातला आणि त्यांच्या पलीकडच्या बाजूला, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, जाऊन बसले. मधे चांगलं आठ-दहा हातांचं अंतर. आत्याबाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढं पाण्याकडं बघत राहिल्या. 

मग त्या थुंकल्या. वाकून पाटाच्या पाण्यानं तीन-चारदा चूळ भरली, मातीनं बोट घासलं.

"माझी काय आता सुटत न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "लई करून बघितलं. मंग म्हनलं, घरात तरी नको. तुझ्या नाकात वास गेला की तुझं हुईल परत सुरू. भाजून बी तिकडच्या वस्तीवरच आनते."

"मग मला सांगायचं नाही का? ह्या गुडघ्यांनी रोज एवढं..."

"सांगून काय हुतं? तू म्हनली असतीस, ऱ्हाऊ द्या, बसा घरातच."

म्हटलं असतं का मी? त्या रागात नसतंच म्हटलं बहुतेक. पण त्यांनी गृहीत धरलं होतं की मी म्हणेन.

"डाक्टरीन काय म्हनली?" त्यांनी विचारलं. "दाव बघू."

मी जवळ सरकले आणि दोन्ही हातांनी खालचा ओठ ओढून धरला. आत्याबाई काठीवर जोर देऊन वाकल्या. डोळे बारीक करून तोंड अगदी माझ्या तोंडाजवळ आणलं, आणि एकदम थबकल्या. घाईघाईनं पदराचा बोळा करून स्वतःच्या नाकातोंडावर घट्ट दाबून धरला, आणि मग पुन्हा वाकल्या.

"मला काय दिसंना," पदराआडून त्या म्हणाल्या. "पर झालाय ना कमी?"

ओठ माझ्या हातात होता, बोलता येईना. "हं," मी म्हटलं.

आणि मी डॉक्टरणीला सांगून आले होते, कुणी नाही म्हणून.