वसंताच्या पाटीवरचा शब्द

वसंता गेल्याचं मला सकाळी सव्वासातला मोबाइलवर आलेल्या शोकफलकाच्या फोटोवरून कळलं. त्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली छापलं होतं, ‘लंगड्या वसंता’. आधी तो शब्द दिसला, मग माणूस गेल्याचं ध्यानात आलं... पाच आठवडे झाले, त्या क्रमाची लाज जात नाही.

कारण तो शब्द त्याला पहिल्यांदा मी लावला. अकोटला चौथीत, कबड्डीचे संघ पाडताना मी ओरडलो होतो, ‘‘लंगड्या नको आमच्यात!’’ पोलिओनं त्याचा उजवा पाय वाळलेला. पुढची सहा वर्षं शाळेत त्याला दुसरं नाव उरलं नाही.

अमरावतीत राजापेठेत त्यानं दुचाकी दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा पाटी स्वतः रंगवली, ‘लंगड्याचं गॅरेज’. मी म्हणालो, काढ ती. ‘‘काहून? इतके दिवस तुमी म्हणे, आता मी म्हणून राहिलो.’’ पण एक गिऱ्हाईक ‘‘ए लंगड्या, झाली का गाडी?’’ म्हणालं, तर त्यानं पाना खाली ठेवला. ‘‘पाटी वाचाले आहे, बोलाले नाही. वसंतभाऊ म्हण.’’ तसं म्हणेपर्यंत गाडी उघडीच राहिली.

मला हे पटलं होतं. मग जवळच्या शिकवणी वर्गातल्या सुनीताताई आल्या. त्याही कुबडी घेऊन चालत. ‘‘वसंतभाऊ, तुमची पाटी वाचून पोट्टे मले लंगडी म्हणतात. मी कुठं पाटी लावली?’’ मी तिथंच स्टुलावर बसलो होतो. वाटलं, आता पाटी उतरणार. तो म्हणाला, ‘‘माह्यापाशी हे एकच उत्तर होतं, ताई...’’ पाटी राहिली. ताईंनी तो रस्ता सोडला. दोघांतलं कोण चुकलं, हे मला आजही ठरवता येत नाही.

तेरवीला मी त्याच्या पुतण्याला फलकाबद्दल विचारलं. ‘‘काका, ते नसतं टाकलं तर लोकायले समजलं नसतं कोन गेलं.’’ आतून वसंताच्या बायकोचा आवाज आला, ‘‘त्यायनं सोताले म्हटलं. तुले कोनं सांगतलं म्हनाले?’’ पंगतीतले हात थांबले.

‘‘वहिनी, पहिल्यांदा मीच...’’

‘‘मालूम आहे मले. पाटी रंगवली त्याच दिवशी सांगतलं त्यायनं.’’ मग बाहेर येऊन म्हणाल्या, ‘‘आता ती तुमीच उतरवा, भाऊजी. अन् घरी न्या.’’

चार फूट बाय दीड फुटाची ती पाटी आमच्या बैठकीत भिंतीला टेकवून ठेवली आहे. बायको म्हणते, माळ्यावर टाका. येणारा प्रत्येक जण विचारतो, ही कोणाची? मी सांगतो, माझी.