देगलूरचा कसरतीचा दवाखाना

कुणाला किती दुखतं, याची नोंद माझ्या वहीत असते. माणसांच्या गोष्टींची नसते. त्या मी जेवताना मिस्टरांना सांगून संपवायच्या म्हणते, पण संपत नाहीत. एक सांगावी तर दोन नवीन आलेल्या असतात.

देगलूरला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं फिजिओथेरपीचं सेंटर आहे. बोर्डावर तसंच लिहिलंय, पण गावात कुणालाही विचारा, ‘कसरतीचा दवाखाना’ म्हणूनच पत्ता सांगतील. लातूरहून लग्न होऊन इथं आले आणि सेंटर उघडलं, तेव्हा इंजेक्शन न्हाई, गोळी न्हाई, मग दवाखाना कसला, म्हणत लोक पायरीवरूनच परत जायचे. आता सकाळी नऊलाच दोन्ही खोल्या भरतात. भरतात याचा मला अभिमान आहे, आणि कुणामुळं भरतात तेच सांगते.

*

लक्ष्मीमावशी पहिल्यांदा आल्या त्या दोन्ही लेकांच्या खांद्यावर हात टाकून. बाजारात भाजी विकायचं चार महिन्यांपासून बंद होतं. गुडघ्याची झीज होती, नाही असं नाही, पण एक्स-रेत दिसत होती त्याच्यापेक्षा मावशींची भीती लई मोठी होती. गुडघ्याबद्दल त्या वारलेल्या माणसाबद्दल बोलावं तशा बोलायच्या. चांगला होता बिचारा, लई साथ दिली, आता मेला.

मी दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे ‘मेला’ हा शब्द या खोलीत बोलायचा नाही. दुसरी, घरी पाण्याचा तांब्या कुणी हातात आणून द्यायचा नाही, माठापर्यंत स्वतः उठून जायचं.

मावशींचं माहेर तेलंगणातलं, त्यामुळं पाय उचलताना त्या तेलुगूत ओकटी, रेंडू, मूडू असं मोजायच्या. दहा वेळा करा म्हटलं तर सातवर आल्या की आकडा विसरायच्या आणि परत ओकटीपासून सुरू करायच्या. आठवडाभर मला वाटलं, वयामुळं होत असेल. मग एकदा त्यांना गालात हसताना पकडलं. जास्तीचं करायला मी नको म्हणेन म्हणून बाई मुद्दाम विसरत होत्या.

दोन महिन्यांनी त्या परत बाजारात बसल्या. तिथं शेजारणीनं विचारलं, गुडघा मेला म्हणत होतीस ना. मावशी म्हणाल्या, “मेला नव्हता गं, निजला होता. उठवला.”

*

बिरादार गुरुजींचा खांदा आखडला होता. सदरा घालायचा तर घरात कुणाला तरी हाक मारावी लागायची, आणि जन्मभर शिस्तीत राहिलेल्या माणसाला ते गोळीसारखं लागायचं. मी त्यांना भिंतीसमोर उभं केलं. बोटांनी भिंत चढत जायचं, हात जिथं थांबेल तिथं खडूनं खूण करायची, उद्या त्या खुणेच्या वर जायचं.

गुरुजींनी खूण तर केलीच, शेजारी शेराही लिहायला सुरुवात केली. ‘प्रगती समाधानकारक.’ ‘प्रयत्न वाढवावेत.’ एका दिवशी खूण आदल्या दिवसाच्या खालीच राहिली. तिथं लिहिलं होतं, ‘विद्यार्थ्याने घरी सराव केला नाही.’ दुसऱ्या दिवशी सेंटर उघडायच्या आधीच गुरुजी पायरीवर उभे होते.

हात पूर्ण वर गेला तेव्हा दिवाळी जवळ आली होती आणि मी रंगकाम काढलं होतं. पेंटर त्या भिंतीशी आला तर गुरुजी खुर्ची टाकून समोर बसलेले. त्यांनी त्याला शांतपणे सांगितलं, “विद्यार्थी पास झाला, बरोबर आहे. पण निकाल पुसत नसतात.”

भिंतीचा तेवढा पट्टा आजही बिनरंगाचा आहे. नवीन पेशंट आला की मी त्याला आधी तो वाचायला लावते.

*

शेकाच्या मशीनची एक गोष्ट मला जरा अडचणीची आहे, पण सांगते.

पार्वतीबाई मानेच्या दुखण्यासाठी खेड्यातून यायच्या. त्या दिवशी त्यांना मशीन लावली आणि मी पलीकडच्या खोलीत गेले. तेवढ्यात लाईट गेली, मशीन बंद पडली, आणि दुसऱ्या पेशंटच्या नादात माझ्या ते ध्यानातच आलं नाही. वीस मिनिटांनी गेले तर बाई उठून बसल्या होत्या, मान डावीकडं उजवीकडं फिरवत होत्या. एवढा आराम तर कधीच पडला नव्हता, म्हणाल्या.

गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मनाला पटेना. मशीन बंद होती, बाई, असं खरं ते सांगितलं, आणि आता या चिडणार म्हणून उभी राहिले.

त्यांनी मशीनकडं बघितलं, मान परत एकदा फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, “म्हंजी मशीन न्हाई, मीच बरी होऊन राहिले.”

त्या दिवसापासून त्यांनी शेक सोडला आणि मानेचे व्यायाम धरले. पाण्याची घागर डोक्यावर घ्यायच्या आधी आता दारात उभ्या राहून मान फिरवतात, असं त्यांच्या गावची माणसं सांगतात.

*

युनूसभाई नांदेडची जीप चालवतात. कमरेपासून पायापर्यंत कळ जायची. पट्टा वापरून झाला, तेल झालं, गादी बदलून झाली. मी त्यांना स्टुलावर बसायला सांगितलं आणि मागून बघितलं, तर एक बाजू चांगली दोन बोटं वर.

मागच्या खिशातलं पाकीट काढायला लावलं. ते विटेएवढं जाड होतं. आत जुन्या चिठ्ठ्या, पोरांचे फोटो, आणि सगळ्यांच्या खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं वडिलांचं लायसन. वडीलही जीपच चालवायचे. ते गेल्यापासून युनूसभाई ते लायसन घेतल्याशिवाय गाडीवर बसत नव्हते. रोज सहा-सात तास त्याच्यावरच बसत होते.

ते घरी ठेवा असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. एवढंच म्हटलं, मागचा खिसा रिकामा पाहिजे. पंधरा दिवसांनी आले ते सरळ चालत. कळ निम्म्यावर आली होती. शर्टच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, “अब्बाला सीनेशी घेतलं, मॅडम. एवढे दिवस मी त्यांच्यावर बसलो होतो.”

*

माझंही एक सांगायला पाहिजे. दिवसभर लोकांना ताठ बसा म्हणते आणि दुपारी मोबाईल घेऊन मीच वाकून बसते. एकदा तशीच बसले होते. बिरादार गुरुजी व्यायाम करता करता माझ्याकडं न बघताच म्हणाले, “मॅडम, खांदे.”

खोलीतल्या सगळ्यांनी खांदे सरळ केले. मीही.

*

सुजाता अंगणवाडीत शिकवायची. चाळिशीच्या आत लकवा मारला, उजवी बाजू गेली. आठवड्यातून तीनदा सासू तिला रिक्षानं घेऊन यायची. कौसल्यामावशी सुनेला लेकीपेक्षा जास्त जपायच्या. घास भरवायच्या, तोंड पुसायच्या, सकाळी मांडीशी बसवून वेणी घालायच्या.

चार महिन्यांत सुजाता काठी घेऊन चालायला लागली. माझ्याकडं तिची बोटं टॉवेल धरायची, हात खांद्यापर्यंत जायचा. पण घरी तोच हात मांडीवर पडून असायचा. असं का, म्हणून विचारलं. जड जिभेनं ती म्हणाली, घरी लागतच न्हाई.

मी मावशींना बाजूला घेतलं आणि सांगितलं, हिची कामं थोडी कमी करा, हिला करू द्या. मावशींना ते फार लागलं. सून आजारी असताना सासूनं हात आखडता घ्यायचा, हे कुठलं औषध, म्हणाल्या. पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. सुनेला आत सोडून बाहेर बाकावर बसायच्या.

एका सकाळी त्या एकट्याच आल्या. मी खुर्ची पुढं केली तरी बसल्या नाहीत. डोळे भरलेले होते. तक्रार करायला आलेय, म्हणाल्या. तुम्हीच तिला हे शिकवलं. आज सकाळी वेणी घालायला घेतली, तर माझ्या हातातली फणी ओढून घेतली तिनं. राहू द्या, म्हणाली मला. इतक्या महिन्यांत असं कधी केलं न्हाई.

मी पेन खाली ठेवला.

“कोणत्या हातानं, मावशी?”

मावशींनी आठवायला आपले दोन्ही हात वर धरले. एकाकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. उजवा हात तसाच वर राहिला, आणि त्या हळूच खुर्चीत बसल्या.