घरची खोट

छत्तीस मागांच्या मालकाची बायको असूनही सुभद्राबाईंच्या अंगावर कधी धड साडी चढली नव्हती. नेसायला साड्या भरपूर होत्या. ट्रंकेचं झाकण लागत नव्हतं, पण त्यातली एकही बिनखोटीची नव्हती.

निंबाशेठ अमळनेरकडून सुरतेला आले तेव्हा दुसऱ्याच्या मागावर दोन-दोन पाळ्या करणारे साधे कारीगर होते. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मोडके दोन माग घेतले. दोनाचे चार झाले, चाराचे बारा, आणि पासष्ट साल उजाडेपर्यंत बमरोलीच्या रस्त्यावर त्यांचा स्वतःचा कारखाना खडखडायला लागला. पैसा आला, पण शेठच्या अंगाला काही तो लागला नाही. नवागामच्या घरात कपडे वाळत घालायची दोरी, गादीची शिवण, शेठच्या लेंग्याची नाडी, सगळं मागाखाली पडलेल्या टाकाऊ सुताचं. आंघोळीचं पाणी तापायचं ते सूत गुंडाळायच्या फुटक्या लाकडी कांड्यांवर. सकाळचा चहा घरी होतच नसे, कारण अकरा वाजता बाजारात व्यापाऱ्याच्या गादीवर तो मिळतोच. व्यापारी बाहेरगावी गेला की त्या दिवशी शेठचं डोकं दुखे. चष्मा त्यांनी एकसष्ट साली चौटा बाजारातल्या हातगाडीवरून घेतला होता, तोच चालू होता. दर दिवाळीला सुभद्राबाई नव्या चष्म्याचं काढत आणि दर दिवाळीला त्यांना एकच उत्तर मिळे, "डोया त्याच शेतस, मंग चष्मा नवा कसाले?"

लोक याला चिकटपणा म्हणत. सुभद्राबाईंना तसं वाटत नसे. त्यांनी स्वतः रोजानं कांड्या भरल्या होत्या, भाकरी कशी मिळते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. नाडीचं आणि चहाचं त्यांना काहीच नव्हतं. सल होता तो साडीचा.

"चांगला माल बजारना, खोट घरनी," हा शेठचा कायदा. कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायच्या टेबलावर सुकदेव बसे आणि प्रत्येक साडी उजेडावर धरून पाही. विणताना धोट्यातली कांडी संपली आणि माग तसाच चालू राहिला तर कापडात आडवी फट पडते. अशी फट सुकदेवला दिसली की साडी बाजूला निघे, आणि बाजूला निघालेली साडी शेठ घरी पाठवत. रंग, काठ, कशाचंही बायकोला विचारणं नाही.

सुभद्राबाई रोज दुपारी शेठचा डबा घेऊन कारखान्यात जात. एकदा दगा नावाच्या कारीगराच्या मागावर त्यांना कांद्याच्या रंगाची, हिरव्या काठाची साडी दिसली आणि त्यांचा पाय तिथून निघेना. दगा त्यांच्याच गावचा, त्यांना काकी म्हणणारा. त्यांनी त्याला हळूच विचारलं, हिच्यात एखादी फट राहिली तर? दगा शहाणा माणूस, त्यानं उलट प्रश्न केला नाही. आठवड्यानं ती साडी खोट घेऊन घरी आली.

मग हे चालूच राहिलं. वर्षाकाठी दोन साड्या सुभद्राबाई मनासारख्या निवडत आणि दगा त्यात खोट पाडी. त्याचा हात इतका बसला, की फट नेमकी कमरेजवळच्या निऱ्यांत दडे. बघणाऱ्याला कळत नसे. सुभद्राबाईंना मात्र प्रत्येक साडीतली फट कुठं आहे ते अंधारातसुद्धा सांगता आलं असतं.

बहात्तर साली थोरल्या सुरेखाचं लग्न ठरलं. धुळ्याच्या विहीणबाई, मंगलाबाई, कचेरीतल्या हेडक्लार्कच्या पत्नी, आणि नजर अशी की डाळीतला खडा लांबून दिसावा. साखरपुड्याला सुभद्राबाई वाकून ताट ठेवत होत्या, तेवढ्यात निऱ्या जराशा सुटल्या आणि फट उघडी पडली. मंगलाबाईंनी ते कापड दोन बोटांत धरलं आणि गोड आवाजात विचारलं, "कारखाना घरचाच ना हो?"

सुभद्राबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. लग्नात बिनखोटीचीच साडी नेसायची, हे त्यांनी ठरवून टाकलं. शेठना सांगितलं तर शेठ म्हणाले, एकीऐवजी दोन घे, पण खोटीतल्या घे. मग त्यांनी दगाला गाठलं आणि या खेपेला एक दोराही न चुकता जांभळी साडी विणायला सांगितली. ती घरी कशी यायची, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. दगानं जीव ओतला. साडी इतकी सुरेख झाली की सुकदेवनं ती उजेडावर धरली, मान डोलावली आणि बाजारच्या गठ्ठ्यात टाकली. डबा हातात धरून सुभद्राबाई तो गठ्ठा हातगाडीवर चढताना बघत उभ्या राहिल्या. खोट असली तर साडी घरी यायची, नसली तर बाजारात जायची. स्वतःच्या कारखान्याची धड साडी मिळवायला त्यांना वाटच उरली नव्हती.

त्यातच सुकदेवनं शेठच्या कानावर घातलं, की दगाच्या हातची निवडक साडीच बिघडते आणि दर वेळी एकाच जागी बिघडते. आखाजी, खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलेली. सुट्टीला गावी गेलास की परत येऊ नको, असं शेठनी दगाला सांगून टाकलं. दगा खाली मान घालून उभा राहिला. काकींचं नाव त्यानं घेतलं नाही.

हे सुभद्राबाईंच्या कानावर आलं. चार लेकरांचा बाप, आणि आपल्या हौसेपायी त्याच्या पोटावर पाय? शेठ जेवायला बसले तेव्हा भाकरी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "दगाले काढू नका. ती खोट त्यानी नही, मनी शे."

आणि पहिल्या कांदेरंगी साडीपासून सगळं सांगून मोकळ्या झाल्या. ताटातली भाकरी शेठनी अर्धीच खाल्ली, आणि अन्न टाकून उठलेले शेठ सुभद्राबाई पहिल्यांदाच पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी दगाला निरोप गेला, आखाजी करून परत ये.

आखाजीला कारीगर खानदेशात गेले आणि कारखाना बंद झाला. तरी शेठ दोन दिवस सकाळीच घराबाहेर पडत होते. दुसऱ्या दुपारी डबा घेऊन सुभद्राबाई गेल्या, तर पस्तीस माग गप्प आणि कोपऱ्यातला एकच माग खडखडतोय. एका साडीसाठी शेठनी कारखान्याची वीज चालू केली होती. दहा वर्षांनी ते स्वतः मागावर उभे होते.

संध्याकाळी त्यांनी जांभळी साडी सुभद्राबाईंच्या हातात दिली. चष्मा नाकावर सारून म्हणाले, "दख, एक बी दोरा चुकना नही."

सुभद्राबाईंनी साडी दिव्यापुढे धरली. पदरात दोन फटी, अंगात चार, काठाला लागून एक. हातगाडीवरच्या चष्म्याला त्यातली एकही दिसली नव्हती. "झकास शे," एवढंच त्या म्हणाल्या.

लग्नात त्यांनी तीच साडी नेसली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोट निऱ्यांत लपवली नाही. दगानं पदर पाहिला आणि तोंड उघडलं, पण काकींनी डोळे वटारल्यावर मिटलं. शेठ पंगतीत जिलबी वाया जात नाही ना, यावर नजर ठेवून होते. मंगलाबाईंनी पदर दोन बोटांत धरलाच. "विहीणबाई, हिच्यातही फट आहे हो."

"एक नही, सात शेतस," सुभद्राबाई म्हणाल्या. "मना मालकनी सोता मागवर इनेल शे."

मंगलाबाईंनी पदर सोडला. आपल्या अंगावरची कोरी करकरीत साडी त्यांनी उगाचच नीट केली.

त्या वर्षीची दिवाळी आली, पुढचीही आली. सुभद्राबाईंनी नव्या चष्म्याचं पुन्हा कधी काढलं नाही.