उद्या मशीन येणार

दोन्ही हातांचे अंगठे आणि शेजारची बोटं जुळवून तो खिडकी करायचा. एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने त्या खिडकीतून बघायचा आणि म्हणायचा, "जरा थांबा हं, ऊन येऊ द्या."

आता भिलाईत उन्हाची काय कमी? पण त्याला पाहिजे ते ऊन वेगळंच असायचं. ढग सरकला पाहिजे, सावली खांबापाशी आली पाहिजे. तोवर मी सायकल धरून उभा.

मी चौथी नापास माणूस, पण कारखान्यात खलाशी होतो. बोटीवरचा नव्हे. आमच्याकडे साखळी-दोरानं अवजड लोखंड वर चढवणाऱ्याला खलाशी म्हणतात. चिमणी उभी राहिली तेव्हा मी तिच्या अंगाखांद्यावर होतो, हे मी सगळ्यांना सांगतो, कोणी विचारलं नाही तरी. म्हणून दुर्गच्या रेल्वेतले आमच्या गावचे गार्डबाबू मला म्हणाले, "माया भाचा पुण्याहून आला, सिनेमाच्या शाळेत शिकते, त्याले भिलाई दाखव," तेव्हा त्यांनी माणूस बरोबर निवडला होता.

भाचा विशीतला, काटकुळा, पायात चामडी चपला. शाळेसाठी त्याला लहानसा मुका सिनेमा करायचा होता. कारखान्याच्या आत परवानगी नव्हती, म्हणून बाहेरची, चार लोकांच्या वापरातली जागा शोधायची. सिनेमा काढायचं मशीन शाळेत एक आणि पोरं बरीच. ते पाळीपाळीनं मिळायचं. ते गाडीनं दुर्गला येणार आणि लगेच परत जाणार, म्हणून त्याच्या वाट्याला एकच दिवस होता. त्याआधी जागा सापडली तर ठीक, नाही तर वर्ष वाया.

माझी रातपाळी होती, दिवस मोकळा. पहिल्यांदा मी त्याला लांबून चिमणी दाखवली. तो म्हणाला, "छान आहे, दादा." छान! भाजी छान असते बाबा, चिमणी छान नसते.

मग सेक्टर सहामधलं माझं क्वार्टर. दाराला मी निळा रंग दिला होता, बायकोला नवं लुगडं नेसायला सांगितलं होतं. त्यानं खिडकी केली, बघितलं आणि हात खाली घेतले.

"दादा, इथे सगळं फार नवं आहे. कुणाचा हात लागलेला दिसत नाही."

"माया हात लागला नं बे! रंग कोनं देल्ला मंग?"

तो हसला, पण पुन्हा काही खिडकी केली नाही. 

दुसऱ्या दिवशी चाय प्यायला म्हणून त्याला रेल्वे फाटकाजवळच्या बाजारात नेलं. बाजार कसला, चिंचेखाली आठ-दहा ठेले. कारखान्याची मशीनं रशियाहून मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून यायची. त्या खोक्यांच्या फळ्या ठोकून लोकांनी ठेले केले होते. फळ्यांवर काळी रशियन अक्षरं, कुठं सरळ, कुठं उलटी. चायचा ठेला सगुणाबाईचा. म्हातारी गोंदियाकडची, जिभेची तिखट. पोरगा तिच्या फळीकडे टक लावून बघतो हे पाहून ती म्हणाली, "वाच नं बापू, काय लिवलं हाय?"

"मला ही अक्षरं येत नाहीत, आजी."

"पुण्याले शिकते अन हे येत नाही? मंग फुकटच गेला तू!"

तो मोठ्यानं हसला, आणि झटकन बोटांची खिडकी झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकून आला. चिंचेला टेकून बघितलं, मातीत बसून बघितलं. तोंडानं आपलं चालूच, "जरा थांबा हं, ऊन येऊ द्या."

सायकल दुरुस्तीवाला बिसाहू छत्तीसगढी. त्यानं मला हळूच विचारलं, "जगा देखे बर आय हे का?"

"हव," मी म्हणलं, "जागाच पाहून राहिला. पुण्याचा हाय, मोठ्या शाळेतला."

यात माझं काही खोटं होतं का? तुम्हीच सांगा.

जाताना पोरगा खुशीत ओरडला, "उद्या सकाळी मशीन घेऊन येतो! तुम्ही काही हलवू नका, आहे तसंच राहू द्या!"

त्या काळची भिलाई ज्यांनी पाहिली त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. तेव्हा कोणी एक डोळा मिटून जमिनीकडे बघितलं की चार दिवसांनी खुंट्या ठोकल्या जायच्या आणि खुंट्यांमागून मशीन यायचं, माती उकरणारं. 'जागा पाहणे' याचा दुसरा अर्थच आम्हाला माहीत नव्हता.

सकाळी आम्ही पोचलो तर चिंचेखाली काही नाही. बांबू उपटल्याचे खड्डे आणि चुलींचे काळे डाग. बाजारच्या बाजार उठून गेला होता. सगुणाबाई तेवढी आपल्या फळीवर मांडी घालून बसलेली.

"आन तुयी मशीन!" ती ओरडली. "मी नाही उठत. ने माह्यावरून!"

पोराचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पिशवी उघडली, मशीन काढून तिच्यासमोर ठेवलं. अंगावरच्या पोराएवढंसुद्धा नव्हतं ते.

"हे?"

"हेच, आजी."

"हे काय खंदते?"

"काहीच नाही. फक्त बघतं."

म्हातारी पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसताच चिडली. "मंग असं सांगाव नं, मेल्या! रातभर लोकायनं बांबू उपटले. बिसाहूचा हात सोलून निंगाला!"

ऊन अगदी त्याला पाहिजे तसं आलं होतं. मी म्हणलं, "मले काय समजते, पन हे म्हातारी अन हे खड्डे, एवढ्यावर काढून घे. तुया दिवस जाऊन राहिला."

त्यानं मशीन पिशवीत घातलं आणि पिशवी चिंचेच्या फांदीला अडकवली. "आधी त्यांना आणू या, दादा."

रुळांपलीकडे सगळे सामान टाकून बसले होते. तो प्रत्येकापुढे हात जोडत गेला. शिव्या खाल्ल्या, हिंदीतल्या, मराठीतल्या आणि न कळणाऱ्या. मग फळ्या डोक्यावर घेऊन रूळ ओलांडायला लागला. चामडी चपलेचा अंगठा तुटला तर अनवाणी. खड्डा कोणाचा कोणता यावर भांडणं झाली, त्यातही तो मध्ये. बिसाहूचा ठेला त्यानं एकट्यानं बांधला, वाकडाच. त्या दिवशी एकदाही "जरा थांबा हं" म्हणाला नाही.

बाजार उभा राहिला तेव्हा ऊन चिंचेच्या पार मागे गेलं होतं. सगुणाबाईनं चूल पेटवली. धूर वर गेला, आणि त्याच्या मागे लांब आमच्या चिमणीचा धूर. तेवढं त्यानं घाईघाईनं काढलं. मग उजेड संपला.

"झालं का?" मी विचारलं.

"थोडं झालं."

"थोड्यात पास करतेत का?"

"बघू," म्हणाला, आणि तुटकी चप्पल हातात घेऊन चालू लागला.

निघताना सगुणाबाईला सांगून गेला, "तयार झालं की इथेच आणून दाखवीन. एक पांढरा पडदा लागेल फक्त." म्हातारीनं नवऱ्याचं जुनं धोतर धुऊन घडी करून ठेवलं. मी दिसलो की विचारायची, "तुया मशीनवाला आला का?" वर्षं गेली, तो आला नाही. गार्डबाबूंची बदली झाली. पास झाला की नापास, मला कळलं नाही. पुढं फाटकाचा रस्ता रुंद झाला, तेव्हा खरंच मशीन आलं. बाजार पांगला. सगुणाबाई धोतर घेऊन गावी गेली.

परवा तिथूनच येत होतो. सायकल लावली, चिंच होती तिथं उभा राहिलो आणि बोटं जुळवली. माझं एक बोट साखळीखाली वाकडं झालेलं, त्यामुळे खिडकीचा एक कोपरा उघडाच राहतो. एक पोरगा स्कूटर थांबवून बघायला लागला.

"क्यों काका, यहाँ कुछ बननेवाला है क्या?"

मी डोळा उघडला नाही. म्हणलं, "जरा रुक बेटा, धूप आने दे."